डाव्या कडेला

३ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचलावास असा माझा हट्टही नाही. हे पत्र कामाचं आहे, लॅपटॉपबद्दल आहे, म्हणून पूर्ण वाच.

स्क्रीन बिघडली आहे. मागच्या आठवड्यात कोपऱ्यात अपडेटची सूचना आली. मी ती सगळी वाचली आणि मगच हो म्हटलं. वाचून हो म्हटलं की जबाबदारी आपली, असं मी शाळेत पोरांना सांगते. पण वाचलेलं कळलं नव्हतं, हे नंतर कळलं. लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला तेव्हा सगळं सुजल्यासारखं दिसत होतं. अक्षरं जाड, फुगलेली, भिजलेल्या कागदावर लिहिल्यासारखी. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडला तर रिझोल्यूशनच्या जागी एकच आकडा आहे, निवडायला दुसरा नाहीच. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना विचारलं. लिनक्स म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. म्हणाले, ज्याने टाकलं त्यालाच विचारा, आम्ही त्या गल्लीत जात नाही.

टाकणारा तू. म्हणून तुला विचारते आहे.

आणखी एक. स्क्रीनवर मागे लावलेला फोटो दोन्ही बाजूंनी कापला गेला आहे. तोच, कापडदुकानाच्या बोर्डाचा, जो तू जाण्याआधी तिथे लावून ठेवलास. मधोमध शिडीवर बाबा आहेत, हातात ब्रश आहे, बोर्डही बराचसा दिसतो. पण डाव्या कडेला रंगाचा डबा धरून तू हसत उभा होतास, तो भाग आता नाही.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं. तुझं त्यांचं भांडण झालं त्यानंतर बरेच दिवस त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही. "अक्षर हाताने काढतात, बटणाने नाही," हे त्यांचं वाक्य, आणि "तुम्हाला नाकासमोरचं तेवढं दिसतं, आजूबाजूला जग कुठे गेलं ते दिसत नाही," हे तुझं. दोन्ही वाक्यं अजून घरातच आहेत, त्यांना कोणी बाहेर काढलेलं नाही. पण गेल्या काही महिन्यांपासून बाबा रोज सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडतात, बटण दाबतात, फोटोकडे बघतात आणि मिटून ठेवतात. दुसरं काही करत नाहीत. त्यांना करता येतही नाही.

त्यांनी मला नाही, आईला विचारलं, "त्याने तिथूनच स्वतःला काढून टाकलं का गं?" आईने मला विचारलं. मी म्हटलं, इतक्या लांबून असं करता येत नाही. मग वाटलं, कोण जाणे, येतही असेल.

तू काढलं नाहीस ना?

तुझी
शहाणी


१० जून

दादा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा रोज सकाळी लॅपटॉप उघडतात. आई म्हणते, रोज नाही, कामाला जायचं असेल त्या दिवशी उघडत नाहीत. म्हणजे हल्ली जवळजवळ रोजच, कारण काम नसतंच. तरी चूक ती चूक.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी शाळेतून येऊन चपलाच काढत होते. आईने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं: टर्मिनल उघड, खालची ओळ जशीच्या तशी टाक, पासवर्ड हा, मग रीस्टार्ट. आई थांबून राहिली. म्हणाली, आणि माझ्याबद्दल? मी म्हटलं, आई कशी आहे असं विचारलंय. दादा, तू तसं विचारलं नव्हतंस. मी ते माझ्या पदरचं घातलं. तुला सांगितल्याशिवाय तुझ्या नावावर वाक्य खपवणं बरोबर नाही, म्हणून कळवते आहे. पुढच्या वेळी तूच लिही, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही. आईचं उत्तर असं आहे की तिचे गुडघे सोडून सगळं बरं आहे.

आता कामाचं. मी ओळ टाकली. पासवर्ड लिहायला गेले तर काहीच उमटेना. ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्डही गेला, आता अपडेटचं खापर आणि कीबोर्डचंही माझ्याच डोक्यावर. म्हणून तुला मोबाइलवरून ती घाबरलेली ओळ पाठवली. तुझं उत्तर, "दिसत नाही, पण लिहिलं जातं. टाइप कर." मी डोळे मिटून टाइप केलं. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं!

आणि झालं. मशीन परत सुरू झालं तेव्हा अक्षरं बारीक, रेखीव, पूर्वीसारखी. निवडायला आकड्यांची मोठी यादी आली. फोटोही पूर्ण, डाव्या कडेला तू, डब्यासकट. अपडेटनंतर मशीनला स्क्रीन ओळखता येईना म्हणून त्याने सगळ्यात लहान मापाचा अंगरखा चढवला होता, तो आता उतरवला, असं मी आईला समजावलं. आई म्हणाली, तुझा भाऊ माणसांशी बोलत नाही, यंत्राशी बोलतो. आता आपणच यंत्र व्हायचं, मग आपल्यालाही दोन ओळी येतील.

संध्याकाळी बाबांना बोलावून दाखवलं. ते खुर्ची पुढे ओढून अगदी जवळ बसले. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "कडा कापलेल्याच आहेत."

मी म्हटलं, नाहीत बाबा. ते उठून गेले.

मी पुन्हा पाहिलं. तू होतास. काय करू?

शहाणी


२४ जून

दादा,

तू सांगितलेलं सगळं केलं. स्केलिंग एकदा वाढवून पाहिलं, एकदा कमी करून. उजेड वाढवला. संध्याकाळी स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद केली. फोटो ताणून लावला, मग आखडून लावला. दर वेळी रविवारी बाबांना बोलावते, ते येऊन जवळ बसतात, आणि दर वेळी तेच. कडा नाहीत. एकदा म्हणाले, कोपऱ्यात घड्याळ होतं तेही गेलं. घड्याळ तिथेच होतं, दादा. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा आकडा बदलला. पण तसं बोलणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं, आणि मी आधीच अपडेटची गुन्हेगार, म्हणून गप्प बसले.

तू स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगितलंस. पाठवला. तुझं उत्तर मी निदान दहा वेळा वाचलं असेल. "कडा पूर्ण आहेत. मी पण आहे." इतक्या दिवसांत तू स्वतःबद्दल लिहिलेलं हे पहिलं वाक्य. आईला वाचून दाखवलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी परत घासत बसली.

बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याच्याकडे असेल. आपल्याकडे नाही."

बाबांना तुझा राग आहे असं तुला वाटत असेल. राग होता. आता तसं नाही. त्यांना वाटतं, तू मुद्दाम निघून गेलास, आधी घरातून आणि मग फोटोतून. रागावलेला माणूस निदान बोलतो तरी. बाबा हल्ली फार कमी बोलतात. मशीनमध्ये असं काही आहे का, की बसणाऱ्या माणसाच्या बाजूने कडा दिसत नाहीत? स्क्रीनला एका बाजूने बघितलं की काळपट दिसतं, तसं काही? मी त्यांची खुर्ची सरकवून पाहिली. फरक नाही.

बाकी इकडचं. औषधांच्या दुकानाचा बोर्ड बाबांना मिळाला. मालक जुना माणूस, छापील नको म्हणाला, हाताचाच हवा. बाबा दोन दिवस घरात शीळ घालत होते. बोर्ड छान झाला. अक्षरं अशी की रस्त्यावरून जाताना थांबावं. फक्त चारी बाजूंनी लाल पट्टी ओढायची असते, ती त्यांनी तीनच बाजूंनी ओढली. डावी बाजू कोरी. मालकाला वाटलं नवीन पद्धत असेल. त्याने चार लोकांना कौतुकाने दाखवली. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, ओढली आहे की. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, वय झालं, विषय सोड. काल त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवायला म्हणून हात नेला आणि कप टेबलाच्या बाहेरच ठेवला. आई म्हणाली, टेबलही अपडेट करून घ्या आता.

आम्ही हसलो. तेही हसले.

स्क्रीनचं बघ जमलं तर.

शहाणी


८ जुलै

दादा,

स्क्रीन ठीक झाली.

कशी झाली ते लिहिता येत नाही. मला शपथ घातली आहे. तुझी चूक नव्हती, मशीनचीही नव्हती, अपडेटचीही नाही. अपडेटचं ओझं उतरलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

आता नवीन काम आहे. माऊसचा बाण खूप मोठा करता येतो का? अक्षरं मोठी, आणि मागचा रंग गडद, अक्षरं पांढरी, अशी व्यवस्था सापडली आणि मी लावली आहे. पण चित्रांची ती उभी रांग डाव्या कडेला असते, ती तिथून काढून मधोमध आणायची आहे. घड्याळही मध्ये आणायचं आहे. थोडक्यात, जे जे कडेला आहे ते सगळं मध्ये हवं आहे. कडा रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

कशाला, ते विचारू नकोस. विचारलंस तर मला उत्तर द्यायचं नाही, आणि खोटं मला धड लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. वाक्य लिहिताना हात अडकतो.

शिडी बाबांनी अंगणात आडवी करून ठेवली आहे. आई तिच्यावर कपडे वाळत घालते.

शहाणी


११ जुलै

दादा,

तुझ्या ओळी मिळाल्या, सगळं जमलं. बाण आता अंगठ्याएवढा आहे. शेवटी तू विचारलंस, आणखी काही प्रॉब्लेम? मी नाही असं लिहून पाठवलं, कारण मशीनला खरंच काही प्रॉब्लेम नाही.

तू कसा आहेस?

शहाणी


१२ ऑगस्ट

दादा,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. मला आधीच कळायला हवं होतं. मशीन बिघडलेलं होतं तोवर तू होतास. मीच ते दुरुस्त करून बसले.

मधे मी एक पत्र लिहून ठेवलं होतं. स्क्रीन परत बिघडली, अक्षरं परत सुजली, लवकर कळव. पाठवलं नाही, खोडून टाकलं. नुसतं खोटं आहे म्हणून नाही. तू परत एक ओळ पाठवली असतीस, मी ती टाकली असती, आणि आपण दोघं आयुष्यभर एका धडधाकट स्क्रीनची डागडुजी करत बसलो असतो.

म्हणून शपथ मोडते आहे. शपथ बाबांच्या डोळ्यांबद्दल तुला न लिहिण्याची होती. पळवाट शोधत होते, की मी फक्त स्क्रीनबद्दल लिहिते, त्याचा अर्थ तू लाव. मागची दोन पत्रं तशीच लिहिली. पण तू मशीनवाला माणूस, जे लिहिलंय तेच वाचतोस. तर आता जे आहे ते लिहिते.

बाबांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. त्यात कडेचं दिसणं आधी जातं, दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. मधलं तेवढं उरतं, नळीतून बघितल्यासारखं. स्क्रीनची कड, बोर्डाची लाल पट्टी, टेबलाची कड, सगळं एकच होतं. मी घरातली पहिली शिकलेली. कोणाच्याही औषधाच्या बाटलीवरचं मी वाचून द्यायचं, कोणताही कागद मी समजावायचा. आणि त्यांनी मला रविवारमागून रविवार सांगितलं की मला कडा दिसत नाहीत, आणि मी स्क्रीनच्या सेटिंग्ज बदलत राहिले. तू पण. आपल्याला दोघांनाही माणसापेक्षा मशीनवर जास्त शंका आली. आली कारण मशीन खरंच बिघडलं होतं, सुरुवातीचे काही दिवस. तेवढंच मी स्वतःला सांगत असते.

कळलं कसं ते सांगते. त्या रविवारी बाबा पुन्हा जवळ बसले, पुन्हा नाही म्हणाले. मी सगळं करून थकले होते. करायला काही उरलं नव्हतं, म्हणून लॅपटॉपच उचलला आणि त्यांच्यासमोर हळूहळू उजवीकडे सरकवत नेला, म्हणजे डावी कड त्यांच्या नाकासमोर आली. का केलं ते माहीत नाही. ते बघत होते. मग त्यांचा हात वर आला आणि त्यांनी बोट स्क्रीनवर टेकलं, तुझ्या छातीवर, डब्याच्या जरा वर.

"हा इथेच होता?" ते म्हणाले.

मी म्हटलं, हो बाबा. सगळे दिवस.

ते बोट तसंच ठेवून बसले. मी लॅपटॉप धरून उभी. माझे हात भरून आले, तरी खाली ठेवायचं धाडस होईना, कारण खाली ठेवला की तू परत जाणार.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकायला लावून बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, बारीक दिवे लागतील, दिसला की बटण दाबा. बाबांनी आधी बटणाकडे बघून तोंड वाकडं केलं. मग दाबलं, पण फार थोड्या वेळा. मी मागे उभी राहून दिवे बघत होते, आणि त्यांच्या जागी बटण दाबण्यासाठी माझं बोट वळवळत होतं. शेवटी बाईंनी सांगितलं की गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी जपायचं, आणि किती दिवस जपलं जाईल ते आज सांगता येणार नाही. शिडीवर चढणं बंद. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा मुलगा हे आधीच सांगून गेलाय, मला नाकासमोरचं तेवढं दिसतं म्हणून. त्याने फी पण घेतली नव्हती."

बाई हसल्या. त्यांना विनोद वाटला. तुला बोचावं म्हणून मी हे लिहीत नाही. बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता. पोरगं हुशार आहे असं चारचौघांत सांगतात ना, तसं म्हणाले.

घरी येताना शपथ घातली. म्हणाले, त्याला कळलं तर तो कीव येऊन येईल, आणि कीव करायला आलेल्या माणसासमोर मला बसता येणार नाही. मी म्हटलं, मग कशाने आला तर चालेल? ते पुढे चालू लागले. गल्लीच्या वळणावर विजेच्या खांबाला खांदा आपटला, तेव्हा खांबाला म्हणाले, सरक की बाबा.

आता लॅपटॉपचं शेवटचं. चित्रांची रांग, घड्याळ, सगळं मध्ये आणलं, ते तुला माहीत आहे. राहिला होता फोटो. तू कडेला आहेस, त्यामुळे तुला मध्ये आणायचं तर अख्खा फोटोच उजवीकडे सरकवावा लागतो. तसं केलं की डावी अर्धी स्क्रीन काळी होते, मधोमध तू येतोस, तुझ्यापुढे बोर्डाची पहिली दोन अक्षरं, आणि बाकीचा बोर्ड स्क्रीनच्या बाहेर जातो. बाबाही जातात, शिडीसकट. तो बोर्ड त्यांच्या हातचा सगळ्यात चांगला, ते स्वतः म्हणायचे. दुकानही आता राहिलं नाही, बोर्ड त्या फोटोतच काय तो उरला आहे. म्हणून मी आधी विचारलं. हात लावण्यापूर्वी विचारलं, दादा. म्हटलं, बाबा, असं केलं तर अक्षरं कापली जातील.

ते म्हणाले, "जाऊ देत अक्षरं."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती मला पाठ आहेत."

मी तसं लावून दिलं. आता रोज सकाळी, चहा झाल्यावर, ते उघडून बघतात. डावीकडचा काळा भाग त्यांना दिसत नाही, त्यामुळे त्यांना ते विचित्र वाटत नाही. आई मात्र दर वेळी म्हणते, अर्धा अंधार कशाला लावून ठेवलाय, आणि तरी येऊन मागे उभी राहते.

तू ये असं मी म्हणत नाही. कामाची सुट्टी, तिथलं तुझं काय काय, मला काहीच माहीत नाही, तू कधी लिहिलं नाहीस. कीव घेऊन येऊ नकोस, एवढंच त्यांच्या वतीने सांगते. कीवच असेल तर ती गल्लीच्या तोंडाशी ठेव आणि मग पुढे ये. आणि उशीर करायचा असेल तर हे माहीत असू दे की ती नळी आणखी बारीक होऊ शकते, कधी ते बाईंनाही सांगता येत नाही. ती वाढवायची सेटिंग नाही. मी शोधली.

आलास तर ते दाराजवळच्या खुर्चीत असतील. तुला नेहमीची सवय, दारातून आलास की भिंतीला टेकून एका बाजूला उभा राहतोस, कोणीतरी बस म्हणेपर्यंत. तसा उभा राहू नकोस. तिथे तू त्यांना दिसणार नाहीस, आणि ते समजतील की कोणी आलंच नाही. सरळ चालत ये, अगदी त्यांच्या समोर, आणि तिथे थांब.

शहाणी